लंगड्या कोंबडीची निगा

परसात पाळलेल्या पाचदहा कोंबड्या म्हणजे घरातील स्त्रीच्या हाती येणारा रोख पैसा होय. अशा लहान कळपातील एखादी अंड्यावरची कोंबडी लंगडू लागली, की ती तशीच सोडून दिली जाते किंवा घाईने बाजारात विकली जाते. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. साधी इजा झालेली कोंबडी योग्य निगेने बहुधा बरी होते. उलट लंगडणे रोगामुळे असेल, तर तीच कोंबडी बाजारातून रोग गावोगाव पसरविते. म्हणून प्रथम कारण ओळखणे अगत्याचे आहे.

कारण कसे ओळखावे

इजा झालेली कोंबडी सामान्यतः एकाच पायाने लंगडते. तिची नजर तरतरीत असते व ती दाणे टिपते. अशा कोंबडीस सायंकाळी, ती शांत असताना, दोन्ही पंख अंगाशी धरून उचलावे. छाती आवळू नये. कोंबडीस माणसासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलले नाही, तर ती गुदमरते. नंतर मांडीपासून नखांपर्यंत दोन्ही पाय चाचपून त्यांची तुलना करावी. काटा, काच, बोटांत गुंतलेला दोरा, सांध्याची सूज व तळव्यावरील काळी खपली यांचा शोध घ्यावा.

मान वाकडी होणे, हिरवट हगवण व धाप ही मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लक्षणे होत. सुमारे 6 आठवडे ते 6 महिने वयाचा पक्षी एक पाय पुढे व एक मागे पसरून पडल्यास मरेक रोगाची शंका घ्यावी. अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास बर्ड फ्लूचा संशय धरावा. हा रोग देशात प्रथम 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. अशा वेळी पक्षी कापू अगर हलवू नयेत, मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातांनी शिवू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

उपचार

जखमी कोंबडीस प्रथम वेगळी करावी, कारण रक्त दिसताच इतर कोंबड्या तेथेच टोचतात. डालग्यात कोरड्या तुसाचा जाड थर देऊन तिला सावलीत, परंतु कळप दिसेल अशा जागी ठेवावी. दाणापाणी बसल्या जागी चोचीस पोचेल असे असावे. तहानेने कोंबडी इजेपेक्षा लवकर खचते.

उकळून कोमट केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून जखम धुवावी, काटा काढावा व पोव्हिडोन आयोडीन लावावे. चुना, रॉकेल किंवा तिखट कदापि लावू नये. माश्या बसू दिल्यास जखमेत अळ्या पडतात. तळव्याचा फोड घरी कापू नये. त्यातील घट्ट पू खोलवर असतो, म्हणून तो पशुवैद्यकाकडूनच काढून घ्यावा.

नळी मोडली असून हाड बाहेर आले नसेल, तर कापसाचा थर देऊन बांबूच्या पातळ कामट्या बांधाव्यात व सुमारे 3 आठवडे ठेवाव्यात. बोटे सुजली किंवा थंड पडली, तर बांधणी आवळली असे समजून ती लगेच सैल करावी. हाड बाहेर आले असल्यास किंवा मांडीचे हाड मोडले असल्यास दवाखाना गाठावा. माणसांची औषधे देऊ नयेत. पशुवैद्यकाने औषध दिल्यास त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ अगर विकू नयेत. आजारात अंडी थांबणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून कोंबडी निकामी ठरवू नये.

पुन्हा कळपात व पुढील काळजी

कोंबडी दोन्ही पायांवर भार देऊ लागली, की तिला अंधार पडल्यावर खुराड्यात सोडावे. त्यामुळे भांडणे कमी होतात. बसण्याच्या दांड्या दीड फुटाहून उंच नसाव्यात व त्यांच्या कडा गोल असाव्यात, कारण उंचावरून उडी घेताना जड पक्ष्यांचे तळवे दुखावतात. तूस कोरडे ठेवावे, अंगणातील तारा व काचा वेचाव्यात आणि अंड्यावरच्या कोंबड्यांस शिंपल्यांचा भुगा द्यावा. राणीखेतची लासोटा लस 5 ते 7 दिवसांच्या वयात व आर-टू-बी लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात टोचून किंवा थेंबांवाटे, लशीच्या प्रकारानुसार, द्यावी. पिले घेताना मरेकची लस दिली आहे काय, हे विचारून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत एक खुराडे जरूर पाहावे व पाय तपासण्याची रीत घरातील स्त्रियांस प्रत्यक्ष दाखवावी. वेळीच काढलेला एक काटा वर्षभराची अंडी वाचवितो.