टोकाला अडलेलं हँडल

कवीला मिलिंग मशीनमधलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. धाकट्या भावाला घरामागच्या शेडसाठी जुनं मशीन हवं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याच्याबरोबर हिंडता हिंडता शिकलो. ताज्या रंगाला भुलू नये. टेबलाचं हँडल एकीकडे फिरवून लगेच उलटं फिरवावं. थोडं रिकामं फिरलं तर चालतं, नट बदलता येतो. पण टेबल मध्यावर सैल आणि टोकांना घट्ट लागलं, तर स्लाइड झिजलेली समजावी; तिच्या दुरुस्तीत सगळी स्वस्ताई जाते. मोटर थ्री फेज असेल, तर घरच्या सिंगल फेजसाठी व्हीएफडीचा खर्चही आधीच धरावा.

तिसऱ्या दुकानातलं मशीन भावाला फार आवडलं. त्याने हँडल टोकापर्यंत नेलं, ते अडलं. खिशात अम्मीच्या बांगड्यांचे पैसे होते. चहा पिऊन आम्ही परतलो.