राजापूर नावाचा मतदारसंघ

पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागा होत्या. घटनेचा हिशेब सरळ होता: दर जनगणनेनंतर राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटायच्या आणि हद्दी नव्याने आखायच्या. १९६७ मध्ये मद्रास राज्याला या हिशेबाचा चटका बसला. ४१ जागांच्या ३९ झाल्या. महाराष्ट्राच्या मात्र ४४ च्या ४५ आणि १९७७ पर्यंत ४८ झाल्या.

कुटुंबनियोजन जी राज्यं मनावर घेतील त्यांचेच खासदार घटणार, हा उघड अन्याय होता. म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांचे वाटे १९७१ च्या जनगणनेवर गोठवले. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीतलं बरंच काही जनता सरकारने पुसून काढलं, हे कलम राहिलं. वाजपेयी सरकारच्या काळात ८४ व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. ५५ कोटींच्या मापाने शिवलेला अंगरखा १४० कोटींनी घातला आहे. बिहारची तक्रारही खोटी नाही: २०११ च्या आकड्यांनी तिथे एका खासदारामागे २६ लाख माणसं येतात, केरळात १७ लाखांच्या आत.

राज्यांमधली वाटणी थांबली, पण राज्याच्या आतल्या हद्दी २००८ मध्ये बदलल्या. दक्षिणेला आज जागा घटण्याची धास्ती आहे; ते कोकणाने तेव्हाच सोसलं. कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तीन जागांच्या रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा दोनच उरल्या. ठाणे जिल्ह्यात दोनाच्या चार झाल्या. कोकणातली तरणी पोरं ज्या मुंबई-ठाण्यात कामाला गेली, तिकडेच त्यांच्या मागोमाग खासदारही गेला. बॅरिस्टर नाथ पै यांचा आणि १९७१ पासून सलग पाच वेळा मधू दंडवते यांचा राजापूर लोकसभेच्या नकाशावरून पुसला गेला. आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच खासदार. इकडे उरण-पनवेल मावळ मतदारसंघात गेलं; खाडीकाठचा कोळी आणि घाटावर पिंपरीच्या कारखान्यातला कामगार एकाच माणसाच्या दारात गाऱ्हाणं घेऊन उभे. त्यांची गाऱ्हाणी एक कशी असणार? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली. म्हणजे याच मापाने पुन्हा मोजलं तर कोकण आणखी आक्रसणार.

संसदेच्या नव्या इमारतीत लोकसभेसाठी ८८८ आसनं आहेत. खासदार वाढायलाच हवेत. पंचवीस लाख माणसांचं ऐकून घेणं एका माणसाला झेपत नाही. मात्र जागा वाढवताना प्रत्येक राज्याचा आजचा वाटा कायम राहावा, कारण कुटुंबनियोजन करणाऱ्यांचे खासदार घटणार नाहीत हा दिलेला शब्द मोडला तर पुढच्या वेळी दिल्लीचं कोण ऐकेल? आणि हद्दी आखायला बसणाऱ्यांनी माणसं मोजताना मधला घाट आणि खाडीही मोजावी.