कार्डाला ताप आलाय!

गेम अगदी रंगात आलेला असतो. पहिली पाच-दहा मिनिटं सगळं सुरळीत चालतं आणि मग चित्र अडखळायला लागतं. कॅबिनेटमधून असा आवाज येतो, जणू आत कुणी मिक्सर लावलाय. थोड्या वेळाने पडदा काळाठिक्कर! आई म्हणते, "बघ, मघापासून सांगत होते, बंद कर म्हणून." आणि दुकानदार म्हणतो, "कार्ड गेलं. नवीन टाका."

जरा थांबा. नवीन ग्राफिक्स कार्ड म्हणजे बाबांच्या खिशाला हजारो रुपयांची कात्री. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा कार्ड गेलेलं नसतंच. ते तापलेलं असतं आणि जळू नये म्हणून आपणहून सावकाश चालत असतं. फारच तापलं तर सरळ बंद पडतं. म्हणजे ते स्वतःचा जीव वाचवत असतं बरं का!

पण ते तापतं कशाने? कार्ड जेवढी वीज खातं, तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. २०१९ साली आलेलं जीटीएक्स १६५० हे साधंसं कार्ड घ्या. ते ७५ वॉटपर्यंत वीज घेतं आणि त्यातली बहुतेक उष्णता तयार होते ती अवघ्या दोन चौरस सेंटिमीटरच्या चिपमध्ये. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब आठवतो? पेटलेला असताना त्याला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. इथे त्याहून जास्त उष्णता तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्याच मोठ्या तुकड्यात! १९९६ साली आलेल्या पहिल्या वूडू कार्डांना पंखाच नव्हता. २००३ सालच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा मात्र इतका कर्कश होता, की लोकांनी त्याची तुलना धूळ ओढणाऱ्या यंत्राशी केली.

या उष्णतेला चिपपासून खोलीपर्यंत प्रवास करायचा असतो. चिपवरून पेस्टमध्ये, पेस्टमधून धातूच्या पात्यांमध्ये म्हणजे हीटसिंकमध्ये, तिथून पंख्याच्या वाऱ्यात आणि शेवटी कॅबिनेटबाहेर. यात गाडी कुठे अडलीय, एवढंच आपल्याला शोधायचंय. त्यासाठी सुरुवातीला स्क्रू ड्रायव्हर नको, वही-पेन्सिल हवी.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा. २०२० नंतरच्या विंडोजमध्ये तिथे कार्डाचं तापमान दिसतं. मशीन नुसतं चालू असताना किती, गेम पंधरा मिनिटं खेळल्यावर किती, ते लिहून ठेवा. खेळताना ६५ ते ८० अंश असले तर काळजी नको. ९०च्या वर जाऊन तिथेच राहिले तर मात्र लक्ष घाला. आणि हो, मशीन नुसतं चालू असताना पंखा फिरत नसला तर घाबरू नका. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे थोडं तापल्याशिवाय फिरतच नाहीत.

खोलीचं तापमानही लिहा. पंख्याचा वारा खोलीच्या हवेपेक्षा गार असणार कुठून? खोलीत २५ अंश असताना कार्ड ७० अंशांवर असेल, तर मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत तेच कार्ड, तेच काम करताना, ८३च्या आसपास जाणार. त्यात कार्डाची चूक काय?

आता सोपी परीक्षा. मशीन बंद असताना कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तोच गेम पुन्हा खेळा. आत बोटं घालायची नाहीत, धाकट्या भावंडांना लांब ठेवायचं. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, तर कार्ड निर्दोष! गरम हवा कॅबिनेटमध्ये कोंडतेय. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाला एक कप्पा असतो, कॅबिनेट त्यात अगदी भिंतीला चिकटवून बसवतात आणि वर धूळ नको म्हणून कव्हर घालतात. हौसेने केलेला उकाडाच तो! कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. खर्च शून्य.

दुसरा फुकटचा उपाय गेमच्या सेटिंगमध्ये असतो. तुमचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल आणि कार्ड २०० काढत असेल, तर वरची १४० कुणासाठी? ती मर्यादा ६० वर आणा. काही गेमच्या नुसत्या मेनूवरसुद्धा कार्ड जीव खाऊन चित्रं काढत बसतं.

झाकण काढूनही फरक पडला नाही, तर अडथळा कार्डावरच आहे. बहुतेक वेळा तो धुळीचा असतो. पात्यांच्या फटींत धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू मिळून चक्क गोधडी तयार होते आणि पंखा बिचारा त्या गोधडीवर वारा घालत बसतो.

हे काम मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं. मशीन बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. आतल्या जोडण्यांचा फोटो काढून ठेवा. कार्डाचा स्क्रू आणि पॉवरची वायर काढा. स्लॉटच्या टोकाला छोटी खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड ओढायचं नाही. मग गॅलरीत जा, नाकाला रुमाल बांधा आणि कोरड्या मऊ ब्रशने व हातपंपाने धूळ उडवा. पंखा मात्र बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडतं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. ओलं फडकं नको, व्हॅक्यूम क्लीनरही नको. आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा तो पत्र्याचा डबा, मुळीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

धूळ गेली, पंखा नीट फिरतोय, तरीही ९०? मग संशय पेस्टवर. चिप आणि धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यामध्ये बारीक खाचा उरतात आणि त्यात हवा बसते. हवा उष्णतेची मोठी वैरीण! ॲल्युमिनियमच्या तुलनेत ती उष्णता सुमारे नऊ हजार पट कमी वाहून नेते. पेस्ट त्या खाचा भरते. काही वर्षांनी ती वाळते आणि हवा पुन्हा आत शिरते. नवी पेस्ट फार महाग नसते, पण लावायची तर अख्खं कार्ड उघडावं लागतं. नाजूक चिपवर जास्त दाब पडला तर ती तडकते. शिवाय मेमरीवरच्या मऊ पट्ट्या फाटल्या, तर तेवढ्याच जाडीच्या नव्या शोधत फिरावं लागतं. म्हणून हे काम जाणकाराकडेच द्यावं, असं माझं मत. वॉरंटी चालू असेल तर आधी कार्डाच्या कंपनीला विचारा.

दुकानात जाताना ती वही बरोबर न्या. "काका, कार्ड तापतंय" एवढंच सांगू नका. सांगा, "खोलीत ३० अंश, नुसतं चालू असताना ५०, गेममध्ये ९४. झाकण काढल्यावरही ९२. धूळ साफ केलीय, पंखे फिरतायत." मग काकांना "नवीन टाका" म्हणण्याआधी पेस्ट तपासावी लागेल. आणि कार्ड गार असतानाही पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असतील तर तेही सांगा, कारण तो आजार वेगळा.