भिडेची सही

येवल्यात कुणाला जामीन राहायला सांगितले, की तो चार दिवस मागून घेतो. घरात विचारतो, कर्ज किती, हप्ते कोण भरणार याची चौकशी करतो. दुसऱ्याच्या कर्जापायी सात-बाऱ्यावर बोजा चढलेला त्याने पाहिलेला असतो. तोच माणूस ‘अण्णा, कंपनी काढतोय, संचालकांत तुमचं नाव घालतो’ असे ऐकताच उभ्या उभ्या सही करतो आणि वर पेढाही खातो!

याला कारण ‘संचालक’ हा शब्द. आपल्याकडे तो सहकारातून आला. सोसायटीचा संचालक म्हणजे निवडणूक, गुलाल, हारतुरे. कंपनीच्या संचालकालाही मराठीत तोच शब्द. कायदा मात्र निराळा. कांदा पिकवणाऱ्या आणि पैठणी विणणाऱ्या या तालुक्यात हा फरक ठाऊक असायला हवा. कारण 2002 च्या दुरुस्तीने उत्पादकांना स्वतःची कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली आणि 2020 मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. दहा उत्पादक जमले की कंपनी निघते. संचालक किमान पाच लागतात. मग गावात नावे शोधली जातात.

सही ज्या कागदावर होते त्याचे नाव ‘डीआयआर-2’. दिसायला साधा अर्ज : नाव, वडिलांचे नाव, पत्ता, पॅन, व्यवसाय, आणखी किती कंपन्यांत संचालक आहात. पण त्यात दोन गोष्टी तुम्ही लिहून देता. हे पद मी स्वीकारतो, ही एक. या पदाला मी अपात्र नाही, ही दुसरी. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 152 प्रमाणे अशी लेखी संमती दिल्याशिवाय कुणालाही संचालक म्हणून काम करता येत नाही, आणि नेमणुकीपासून तीस दिवसांत ती कंपनी निबंधकाकडे दाखल व्हावी लागते. 1956 च्या जुन्या कायद्यात सर्वसाधारण खासगी कंपनीला यातून सूट होती. आता ती नाही. खरे तर हा कागद तुमच्याच रक्षणासाठी आहे. न विचारता कुणी तुमचे नाव घालू नये म्हणून. इंग्लंडात 2015 पासून नेमणुकीची नोंद झाली, की निबंधकाचे कार्यालयच नव्या संचालकाला पत्र धाडून कळवते. आपल्याकडे भिस्त या सहीवर.

आणि सही भिडेपोटी होते. भीड भिकेची बहीण, असे आपले वडीलधारे उगाच म्हणत नसत.

कंपनी चालली तर प्रश्न नाही. बंद पडली तरी कागदोपत्री ती जिवंतच राहते. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावेच लागते. उशीर झाला तर प्रत्येक कागदामागे दिवसाला शंभर रुपये. म्हणजे दोन्ही वर्षभर रखडले तर 73 हजार. सलग तीन वर्षे भरले नाही तर कलम 164 खाली संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. 2017 मध्ये केंद्राने अशा तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. ‘मी कधी सभेलाही गेलो नाही’ ही सबब नव्हे, उलट कबुलीच झाली.

आणखी एक गोष्ट घरातली. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात, आणि दुसरे नाव बहुधा बायकोचे असते. तिला विचारलेले नसते. ‘इथं सही कर’ एवढेच सांगितलेले असते. तिच्या नावाची डिजिटल सही कुणा सल्लागाराच्या कपाटात पडून असते, ओटीपी आला की ती तो फोनवर सांगून टाकते. ज्याच्या हाती हे दोन्ही, त्याच्या हाती तिची संमती!

सुटायची वाट आहे. कलम 168 प्रमाणे राजीनामा लेखी द्यायचा. तो कंपनीला मिळाल्या दिवसापासून, किंवा त्यात पुढची तारीख घातली असेल तर त्या तारखेपासून लागू होतो. म्हणून तो स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. कंपनीने पुढे कळवायला टाळाटाळ केली, तर ‘डीआयआर-11’ भरून आपणच निबंधकाला कळवता येते. पदावर असतानाच्या काळात जे चुकले, त्याची जबाबदारी मात्र राजीनाम्यानंतरही सुटत नाही.