दोष नेमका कोणत्या क्लासचा?

प्रत्येक घटकासाठी लिहिलेले टेस्ट क्लास एकेकटे चालविले असता निर्वेध उत्तीर्ण होतात, त्याअर्थी ते एकत्र चालविल्यावरही तसेच उत्तीर्ण होतील, हा समज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात इतका दृढमूल आहे की, एकत्रित चाचणीत एखादा क्लास अनुत्तीर्ण होताच त्याच्याच कर्त्याकडे जाब मागितला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ साली रचलेल्या जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनामध्ये प्रत्येक टेस्ट मेथडसाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट निर्माण होतो खरा. परंतु सर्व क्लास एकाच जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा प्रोग्राम चालविणाऱ्या यंत्रणेत, चालत असल्यास स्टॅटिक व्हेरिएबल आणि सामाईक सेटिंग यांचा वारसा मागल्या क्लासकडून पुढल्याकडे जातच राहतो.

समजा, हिंगोली जिल्ह्यातील साखरा गावच्या सातबाऱ्यावरील क्षेत्राचा हिशेब करणारा एक प्रोग्राम आहे. १ हेक्टर २० आर म्हणजे १२० आर, आणि हे उत्तर इंग्रजी अंकांत उमटावे, अशी एका क्लासची अपेक्षा. त्याच्याआधी चालणारा दुसरा क्लास उताऱ्याची मराठी छपाई तपासतो, त्यासाठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचे सेटिंग, मराठी करतो आणि पूर्ववत न करताच संपतो. जावा ९ पासून मराठी लोकेलचे रूढ अंक देवनागरी असल्याने पहिल्याच्या वाट्याला देवनागरी अंकांतले उत्तर येते, आणि गणित बिनचूक असूनही तो नापास ठरतो. प्रत्येक क्लासला स्वतंत्र जेव्हीएम दिल्यास हा दोष दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. माझ्या मते, जुने लोकेल जपून ठेवून चाचणीअखेर परत बसविणे हाच खरा इलाज होय.

मेथड लिहिल्या त्याच क्रमाने चालतात, हा भरवसाही फोल आहे. २०११ साली जावा ७ आले, तेव्हा तो क्रम अनिश्चित झाला आणि क्रमावर विसंबलेल्या कितीतरी चाचण्या कोलमडल्या. २०१२ च्या जेयुनिट ४.११ ने क्रम स्थिर केला, तरी तो लेखनाचा क्रम नव्हे.

सर्वांत घातक समज मात्र हिरवा निकाल म्हणजे सर्व चाचण्या चालून उत्तीर्ण झाल्या, हा आहे. मेव्हन या बिल्ड-साधनाचे चाचण्या चालविणारे शुअरफायर, वेगळा हुकूम नसल्यास, नावाच्या आरंभी वा अखेरीस ‘टेस्ट’, किंवा अखेरीस ‘टेस्ट्स’ वा ‘टेस्टकेस’ असलेलेच क्लास उचलते. अन्य नावाचा क्लास विनातक्रार वगळला जातो. म्हणून नवा क्लास दाखल केल्यावर अहवालात चाललेल्या चाचण्यांचा आकडा वाढला की नाही, हे निकालाच्या रंगाआधी पाहावे.