लेकीच्या प्रोजेक्टचा सिनॉप्सिस : काय लिहायचं, कसं मांडायचं

आज आपण एका अशा कागदाविषयी बोलणार आहोत, जो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलीला लिहावा लागतो. त्याला म्हणतात सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा. "आम्हाला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. कळण्यासारखंच आहे सगळं.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आता आपल्या गटांतल्या घराघरांतल्या मुली इंजिनिअरिंगला जाऊ लागल्या आहेत. पण प्रोजेक्टचा खर्च काही माफ होत नाही. आणि नेमक्या याच वेळी शहरात जाहिराती दिसतात, "तयार प्रोजेक्ट मिळेल, रिपोर्टसह." मुलगी घाबरलेली असते, घरचे म्हणतात, "दे पैसे, पण पास हो." मग गटातून कर्ज निघतं. विकत आणलेलं यंत्र परीक्षेच्या दिवशी चालतंही. पण बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, "हीच मोटर का घेतली?" तेव्हा मुलगी गप्प. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही पहिला प्रश्न बहुधा प्रोजेक्टवरच असतो. सिनॉप्सिस नीट झाला, तर ही वेळच येत नाही.

सिनॉप्सिस म्हणजे काय? आपला गट बँकेकडे कर्ज मागायला जातो तेव्हा काय लिहून देतो? धंदा कोणता, गरज काय, सामान काय लागेल, खर्च किती, वेळ किती, शेवटी हाती काय येईल. सिनॉप्सिस तसाच. फरक इतकाच, की इथे बँकेऐवजी महाविद्यालयाची समिती असते आणि मुलगी पैसे नाही, परवानगी मागते.

विषय कुठून आणायचा? आपल्याच अंगणातून. नंदुरबारकडे लाल मिरची पथारीवर वाळत घालतात. अवकाळी पाऊस आला की भिजते, काळी पडते, बुरशी धरते. बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, मग माल नाकारला जातो. समजा, एका ताईच्या मुलीने ठरवलं, "मी मिरची वाळवायचं सौर यंत्र करीन." वर काच असलेली, आतून काळी रंगवलेली पेटी. खालून हवा आत येते, तापते, मिरचीतलं पाणी घेते आणि वरच्या धुराड्यातून बाहेर जाते. आता तिचा सिनॉप्सिस आपण एकेक भाग करून पाहू.

पहिलं, शीर्षक. "सौर यंत्र" एवढं पुरत नाही. "१० किलो लाल मिरचीसाठी सौर वाळवण यंत्राची रचना आणि चाचणी" असं हवं. वाचणाऱ्याला कशासाठी आणि केवढं, हे लगेच कळतं.

दुसरं, समस्येची मांडणी. इथे आपल्यासारख्या बायकांचं बोलणं उपयोगी पडतं. मिरची किती दिवस वाळते, रोज कितीदा उलटावी लागते, गेल्या हंगामात किती वाया गेली, हे मुलीने चार-पाच घरी जाऊन विचारावं आणि आकडे लिहावेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या पानभर प्रस्तावनेपेक्षा हा अर्धा पान भारी पडतो.

तिसरं, आधी झालेलं काम. सौर वाळवणीवर पुष्कळ लोकांनी काम केलं आहे. मुलीने चार-सहा लेख वाचून प्रत्येकाविषयी दोन-तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या : त्यांनी काय केलं, काय राहिलं. जशाच्या तशा ओळी उचलल्या तर आता संगणकावर पकडल्या जातात.

चौथं, उद्दिष्टं. हा सिनॉप्सिसचा कणा. "मिरची चांगली वाळवणे" हे उद्दिष्ट नाही, कारण चांगली म्हणजे किती, ते मोजता येत नाही. "१० किलो ओली मिरची दोन दिवसांत १० टक्के ओलाव्यापर्यंत आणणे" हे उद्दिष्ट झालं. अशी तीन-चार पुरेत. वर्षाच्या शेवटी परीक्षक हाच कागद उघडून विचारतात, "हे म्हणाली होतीस, झालं का?" म्हणून जेवढं झेपेल तेवढंच लिहावं.

पाचवं, कार्यपद्धती आणि हिशेब. मैत्रिणींनो, हिशेबाला भिऊ नका. ओल्या मिरचीत पाऊण भाग पाणी धरू. म्हणजे १० किलोत अडीच किलो कोरडा भाग. वाळल्यावर १० टक्के ओलावा ठेवायचा, तर उरेल साधारण २.८ किलो. म्हणजे ७.२ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाणी उडवायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते, विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. एकूण झाले जवळजवळ ५ युनिट. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर सुमारे ५ युनिट ऊन पडतं. पण साध्या पेटीत त्यातलं पाव भागच वाळवणीच्या कामी येईल असं धरलं, तर एका चौरस मीटरला दिवसाला सव्वा युनिट. दोन दिवसांत ५ युनिट हवे असतील तर पेटीची काच २ चौरस मीटरची हवी. बघा, पेटीचं माप कुठून आलं हे आता तुम्हीही सांगू शकाल! तयार प्रोजेक्ट विकत घेणारीला नेमकं हेच सांगता येत नाही.

सहावं, सामान आणि खर्च. पत्रा, लाकूड, काच, काळा रंग, जाळीचे ट्रे, तापमापक, वजनकाटा. दर गावच्या हार्डवेअरच्या दुकानातून विचारून घ्यावेत. वजनकाटा गटाकडे असेल तर "उपलब्ध" असं लिहावं, खर्च तेवढा वाचतो.

सातवं, वेळापत्रक. सिनॉप्सिस बहुतेक ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला, पावसाळ्यात द्यावा लागतो. ओली मिरची येते थंडीत. पेटी एप्रिलमध्ये तयार झाली तर चाचणी कशावर घेणार? म्हणून डिसेंबरच्या आत पेटी उभी राहील असं महिन्यांचं कोष्टक आखावं.

आठवं, अपेक्षित निष्पत्ती, आणि शेवटी संदर्भांची यादी.

आता मांडणी. प्रत्येक महाविद्यालयाचा ठरलेला नमुना असतो, तो आधी मागून घ्यावा आणि तोच पाळावा. सर्वसाधारणपणे ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन अक्षर, मजकूर १२ चा, मथळे १४ चे ठळक, ओळींत दीडपट अंतर. डावीकडे दीड इंच समास, कारण बाइंडिंगमध्ये तेवढी जागा जाते, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. आकृतीचं नाव आकृतीखाली, कोष्टकाचं नाव कोष्टकाच्या वर, दोन्हींना क्रमांक. मजकुरात ज्या क्रमाने लेखांचा उल्लेख येतो, त्याच क्रमाने यादीत आकडे. पानांना क्रमांक. एकदा किलो लिहिलं तर शेवटपर्यंत किलोच, मध्येच ग्रॅम नको. आणि फाइल पीडीएफ करूनच पाठवावी. नाहीतर सायबर कॅफेच्या संगणकावर उघडली की अक्षरं आणि कोष्टकं इकडची तिकडे होतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीचा धाक वाटतो. त्यांना सांगा, आधी सगळं मराठीत लिही. विचार सरळ झाला की मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करता येतं. जड शब्दांना गुण नसतात.

आणि आपण काय करायचं? गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या कामातल्या तीन अडचणी लिहून काढा. पापड लाटताना, दाणे फोडताना, पाणी ओढताना जे अडतं ते. शेवटच्या वर्षाला जाणाऱ्या मुलींना ती यादी द्या. "हे यंत्र आम्ही वापरून पाहू" असं गटाचं सहीचं पत्र मुलीने सिनॉप्सिसला जोडलं, तर समितीला कळतं की गरज खरी आहे. सिनॉप्सिस देण्याआधी मुलीला समोर बसवा आणि पाच मिनिटांत मराठीत समजावून सांगायला लावा. काय करणार, का करणार, झालं हे कशावरून ओळखणार? जिथे ती अडखळेल, तिथे तिचा कागद कच्चा आहे. तेवढा भाग तिने पुन्हा लिहावा.

तयार प्रोजेक्टसाठी कर्ज मागायला कोणी आलं, तर गटाने आधी हे तीन प्रश्न विचारावेत. पत्रा आणि काच घ्यायला पैसे जरूर द्यावेत. पण तिच्या डोक्याचं काम विकत आणायला देऊ नयेत, कारण तेच शिकायला तर आपण तिला पाठवलं आहे.