अण्णाभाऊंच्या शाहिरीचा उपनगरी माग : घाटकोपर ते मुलुंड

प्रास्ताविक

एखाद्या थोर गीतकाराचा प्रभाव त्याच्या नंतरच्या, फारशा प्रसिद्धी न पावलेल्या गायक-समूहांत कसा शोधावा, हा संगीत व साहित्य या दोन्ही क्षेत्रांच्या अभ्यासकांपुढील प्रश्न आहे. पाश्चात्त्य देशांत तो तुलनेने सोपा असतो. बॉब डिलनच्या गीताची नक्कल कोणत्या बँडने केली, हे ध्वनिमुद्रिकेवरील श्रेयनामावलीवरून कळते. आपल्याकडील कलापथकांचे तसे नाही. गीत एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरते, चाल कानाने उचलली जाते आणि मूळ कर्त्याचे नाव वाटेत गळते. अशा परिस्थितीत शब्दांचे साम्य शोधत बसण्यापेक्षा रचनेचा सांगाडा तपासणे अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या संदर्भात हा माग मुंबईच्या पूर्व उपनगरांतून काढण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

अण्णाभाऊंचा (१९२०-१९६९) जन्म सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा. तथापि त्यांच्या लेखनाचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेला. ‘चिरागनगरची भुतं’ हे त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच त्याची साक्ष देते. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या कलापथकाची कर्मभूमी म्हणून सामान्यतः लालबाग-परळचा गिरणगाव सांगितला जातो व ते योग्यच आहे. परंतु त्याच्या प्रमुख शाहिराचे बिऱ्हाड उपनगरात होते, ही बाब दुर्लक्षित राहते.

गणाची जागा

पारंपरिक तमाशाचा आरंभ गणाने होतो व त्यानंतर गवळण येते. अण्णाभाऊंनी आपल्या लोकनाट्यांतून गणेशवंदन व गवळण दूर सारली आणि वंदनाच्या जागी मायभूमी, शिवाजी महाराज यांना आणले. वरवर पाहता हा केवळ नावांचा बदल वाटतो. वास्तविक, वंदन कोणाला करावयाचे हे ठरले की वगात न्याय कोणाच्या बाजूने लागणार हेही ठरते. श्रोता पहिल्या चार ओळींतच आपली बाजू ओळखतो.

हा बदल सर्वस्वी अण्णाभाऊंचा, असे मात्र म्हणता येणार नाही. सत्यशोधक जलशांनी गणपतीचा अर्थ ‘गणांचा पती’, म्हणजे लोकांचा नायक, असा लावून वाट आधीच मोकळी केली होती. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांनी वंदनाचे स्थान बाबासाहेबांकडे व बुद्धाकडे नेले. म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतील तरुण गायकाच्या कानावर एकाच वेळी दोन प्रवाह येत होते : कामगार सभेतील कलापथक आणि जयंतीच्या रात्रीची गायन पार्टी. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि मागे झील धरणारे साथीदार हा सरंजाम दोहोंचा जवळजवळ सारखाच. भेद झेंड्याच्या रंगाचा होता. अभ्यासकांनी मात्र झेंड्यावरूनच वंशावळ मांडली आणि दोन्हीकडे उभे असलेले गायक त्यात कोठेच बसले नाहीत.

मैनेचा पत्ता

अण्णाभाऊंची सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे ‘माझी मैना’ ही छक्कड. पोटासाठी मुंबईस आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो, येथपर्यंत ती विरहाची लावणीच आहे. त्यानंतर तो शहर पाहतो, त्याची विषमता पाहतो. आणि अखेरीस मैना ही केवळ पत्नी न राहता संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहू पाहणारा बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावचा मुलूख होते. खासगी दुःखापासून सार्वजनिक मागणीपर्यंतचा हा प्रवास श्रोत्याच्या लक्षात येण्याआधीच पूर्ण झालेला असतो. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव गायिले होते. अण्णाभाऊंच्या ‘मुंबईची लावणी’ने त्याच शहराची दोन अंगे समोरासमोर ठेवली. प्रचारगीते त्या काळी पुष्कळ झाली, त्यांपैकी बहुतेक प्रसंगाबरोबर विरली. ही टिकली, कारण तिच्यात मागणीच्या आधी माणूस आहे.

नंतरच्यांनी उचलला तो हाच सांगाडा. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओसरत गेला. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा दवाखाना घाटकोपरच्या पंतनगरचा, हाही योगायोग नोंदविण्यासारखा आहे. याच दशकात आव्हान नाट्य मंचातून विलास घोगरे, संभाजी भगत यांच्यासारखे शाहीर वस्त्यावस्त्यांतून गाऊ लागले. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडीवासीयांवरील माहितीपटात घोगरे यांचे मजुराची कहाणी सांगणारे गीत आहे. ते हिंदीत आहे, आणि ही गोष्ट गौण नाही. उपनगरी वस्तीतील श्रोता आता केवळ सातारा-सांगलीचा राहिला नव्हता. भाषा बदलल्याखेरीज गीत शेजारच्या झोपडीपर्यंत पोहोचत नव्हते. परंतु निवेदन तेच : एक मजूर, त्याची व्यथा, आणि ऐकणाऱ्यांना सोबत घेणारी झील. शब्दसाम्य शोधणारा अभ्यासक येथे रिकाम्या हाताने परतेल. अण्णाभाऊंच्या कामगाराला गाव अंतरले होते. या माहितीपटातील माणसांच्या डोक्यावरचे शहरातले छप्परही जात होते.

मुलुंड : लाल आणि निळे

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडपट्टीतील आपल्या घरी आत्महत्या केली. त्यांनी डोक्याला निळे वस्त्र बांधलेले होते. ज्या डाव्या सांस्कृतिक संघटनेत त्यांची शाहिरी घडली, तिच्यातून त्यांना त्यापूर्वीच दूर केले गेले होते. पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट याच मृत्यूपासून सुरू होतो व तो पूर्ण होण्यास सुमारे १४ वर्षे लागली.

या निळ्या वस्त्राचा अर्थ पक्षांतराइतका सोपा लावणे लेखकास पटत नाही. अण्णाभाऊ कम्युनिस्ट की आंबेडकरवादी, हा वाद आजही परिसंवादांतून तावातावाने घातला जातो. त्यांच्या आयुष्यात आणि गीतांत दोन्ही ओढी होत्या. त्या त्यांना वेगळ्या करता आल्या नाहीत, किंवा कराव्याशा वाटल्या नाहीत. घोगरे यांच्या वाट्याला हाच वारसा आला, मात्र एव्हाना दोन्ही बाजूंची दारे अधिक घट्ट लागलेली होती.

संभाजी भगत यांनी हा सांगाडा पुढे रंगभूमीवर व चित्रपटात नेला. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) या नाटकाच्या शीर्षकातच अण्णाभाऊंच्या वंदनातील शिवाजी आणि आंबेडकरी वस्ती एकत्र आलेली दिसतात. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये भगत यांची गीते एका वृद्ध लोकशाहिराच्या तोंडी आहेत. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो. गाण्याचा परिणाम किती, हा आमच्या अभ्यासाचा प्रश्न तेथे सरकारी वकील विचारते.

नामांकितांच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांची आणि गायन पार्ट्यांची गीते अद्याप हस्तलिखित वह्यांतच आहेत. पूर्व उपनगरांतील मराठी विभागांनी त्या पाहावयास घेतल्या, तर प्रथम गीताखालचे कर्त्याचे नाव शोधू नये. आरंभी वंदन कोणाला आहे आणि अखेरीस मैना कोण होते, एवढे टिपून घ्यावे.